साथीची पेटी

फेरीबोट दिवाडीचा काठ सोडून नार्वेच्या धक्क्याला लागेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाच भजनाआधी पेटीवाल्याच्या हाती असतो. तेवढ्यात पेटी खोक्यातून काढायची, भात्याची कडी सोडायची, बुवांना पट्टी विचारायची, पखवाजवाल्याला षड्ज द्यायचा आणि बसायची जागा धरायची. मग बुवा डोळे मिटून पहिला सूर लावतात आणि पुढचे दोन तास पेटीवाल्याच्या मर्जीचे राहत नाहीत. चाल बुवांची, लय बुवांची, कुठे रेंगाळायचे आणि कुठे सोडायचे तेही बुवांनीच ठरवायचे.

घरी वीस अभंग न अडखळता वाजवणारा मुलगा पहिल्यांदा साथीला बसतो तेव्हा गडबडतो तो इथे. त्याची बोटे कमी पडलेली नसतात. घरी तो ठरलेले वाजवत होता. इथे दुसरा माणूस या क्षणी काय गातो आहे ते ऐकून वाजवायचे असते, आणि नेमका त्याचा कान रिकामा नसतो. काळी दोनमधला गंधार कुठला, भाता उतरला की काय, करंगळी पोचेल का, याच हिशेबात तो अडकलेला असतो. साथीची सगळी पायाभूत मेहनत एवढ्यासाठीच असते: हातांना अशी सवय लावायची की त्यांची चौकशी करावी लागू नये आणि कान बुवांसाठी मोकळा राहावा. ही सवय एकेक पायरीने कशी लागते, ते पाहू.

पेटी बोलते कशी

हार्मोनियम मूळची फ्रान्समधली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० च्या सुमारास हे वाद्य घडवले. ते पायाने भाता मारायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे होते. आपल्याकडे गाणारे आणि वाजवणारे जमिनीवर बैठक मारतात, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातपेटीला आजचे सुटसुटीत रूप दिले. भाता मागे गेला, डावा हात हवा भरू लागला आणि उजवा स्वरांसाठी उरला.

पेटीच्या आत पितळी पट्टीला खाच पाडून तिच्यावर पितळेचीच एक पातळ जीभ बसवलेली असते. पेटीवाले तिला नुसते ‘सूर’ म्हणतात. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर त्यासाठी नावाजलेले. पट्टी दाबली की तिच्याखालचे झाकण उघडते, हवा त्या जिभेला थरथरवत बाहेर पडते आणि नाद उमटतो. चांगल्या पेटीत अशा सुरांच्या दोन किंवा तीन ओळी असतात: खर्ज, नर आणि मादी. समोरच्या खुंट्या ओढून कुठली ओळ बोलायची ते ठरवता येते.

गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत पियानो दिसतो. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची मांडणी दोन्हीकडे तीच. फरक नादाच्या आयुष्यात आहे. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्याच क्षणापासून नाद विरू लागतो. पेटीचा नाद मात्र हवा आहे तोवर टिकतो, हवेबरोबर फुगतो आणि हवेबरोबर दबतो. पियानोवाल्याचे सगळे कसब बोटाच्या दाबात. पेटीवाल्याचे निम्मे डाव्या हातात. आणि शिकणारे नेमके त्याच हाताकडे दुर्लक्ष करतात.

आधी डावा हात

बाहेरचा भाता आपण हलवतो. आत दुसरा एक भाता असतो, तो हवा साठवून ठेवतो आणि स्प्रिंगच्या दाबाने सुरांकडे एकसारखी ढकलत राहतो. हा आतला भाता रिता होऊ लागला की सूर खचतो. नवशिका तो खचल्याचे ऐकतो आणि घाईने मोठा झटका देतो. सूर एकदम उसळतो. ऐकणाऱ्याला वाटते पेटी हुंदके देते आहे.

यावर उपाय सोपा, पण कंटाळवाणा आहे. भाता मोठ्या झोताने मारायचा नाही. मनगट सैल ठेवून, छोट्या छोट्या हालचालींनी, हवा संपण्याआधीच भरत राहायची. कळशी रिकामी व्हायची वाट न बघता थोडे थोडे पाणी घालत राहावे, तसे. सरावासाठी एकच पट्टी दाबायची, समजा काळी एक, आणि एक मिनिट तो सूर जाडी न बदलता धरायचा. हे जमले की सोळा मात्रांत तो सूर हळूहळू वाढवायचा आणि पुढच्या सोळांत हळूहळू उतरवायचा. तिसऱ्या टप्प्यात उजव्या हाताने सरगम चालू ठेवायची आणि डाव्याने हेच करायचे. हात एकमेकांचे अनुकरण करू लागतात. उजवा जलद गेला की डावाही जलद होतो. ती ओढ मोडली की पहिली पायरी झाली.

आवाज किती ठेवायचा, याचे माप एकच: बुवांचे शब्द आपल्याला स्वच्छ ऐकू येत असतील तर पेटी बेताची आहे. जेराल्ड मूर (१८९९–१९८७) या इंग्रज पियानोवादकाने आयुष्यभर गायकांची साथ केली. त्याच्या १९६२ मधल्या आत्मचरित्राचे नावच ‘माझा आवाज फार होतोय का?’ अशा अर्थाचे आहे. हा प्रश्न साथीदाराने दर पाच मिनिटांनी स्वतःला विचारावा. कोणी विचारायच्या आधी तो विचारला तर बरे, नाहीतर भरल्या मंडपात बुवा मान न वळवता म्हणतात, “पेटी मातशी ल्हवू रे!” आणि कानशिले तापतात. देवळाच्या बंद मंडपात नाद घुमतो. घरच्या खोलीत बेताची वाटलेली पेटी तिथे दुप्पट होते. अशा वेळी भाता अर्धा करण्यापेक्षा एक खुंटी बंद करणे चांगले. हवेचा दाब तोच राहतो, सूर खचत नाही आणि जाडी तेवढी कमी होते.

पट्टी

‘पट्टी’ हा शब्द पेटीवाले दोन अर्थांनी वापरतात. बोटाखाली येते ती पट्टी, आणि गाणारा आपला षड्ज जिथे लावतो ती जागाही पट्टी. सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. डावीकडून मोजत पांढरी एक ते पांढरी सात, काळी एक ते काळी पाच. बुवा “काळी दोन” म्हणाले की दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरायचा आणि बाकीचे अकरा स्वर तिथून मोजायचे. पुरुष बुवा बहुधा पांढरी एक ते काळी दोन या टापूत गातात. बायकांच्या भजनी मंडळात षड्ज पांढरी चार, काळी चार, काळी पाच इकडे असतो. शिवाय गळ्याचे नेहमीच खरे नसते. पाऊस, सर्दी, जागरण यांनी काळी एकचा बुवा त्या रात्री पांढरी एकवर उतरतो.

म्हणून साथीदाराला एक पट्टी येऊन भागत नाही, बारा यायला हव्यात. भूप राग घ्या. त्याचे स्वर पाच: सा, रे, ग, प, ध. पांढरी एकमध्ये तो पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या पांढऱ्या पट्टीवर बसतो; एकही काळी लागत नाही. काळी एकवर नेला की काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. आणि काळी तीनवर नेला की पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात, पांढरीला बोटच लावावे लागत नाही. राग तोच, पण हाताखालचा नकाशा पूर्ण पालटतो. रोज फक्त पांढरी एक वाजवणाऱ्याला त्या रात्री हे तीन वेगळे राग वाटतात.

बाजारात स्केलचेंजर पेट्या मिळतात. त्यांत पट्ट्यांचा पाटा सरकवला की काळी दोनची चाल पांढरी एकच्या बोटांनी वाजते. व्यावसायिक वादकाला ही सोय आहे. शिकणाऱ्याने मात्र पहिली दोन-तीन वर्षे त्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या गावी गेल्यावर समोर येते ती देवळातली जुनी साधी पेटी.

बोटे

पेटीच्या वर्गात पहिला प्रश्न असतो, ‘कुठले बोट कुठे?’ नियम थोडके आहेत. अंगठा आखूड, तो शक्यतो पांढऱ्या पट्टीवर ठेवावा. लांब बोटे काळ्या पट्ट्यांसाठी. आणि हात उचलून उडी मारण्याऐवजी अंगठा इतर बोटांखालून सरकवायचा.

पांढरी एकमध्ये बिलावलचा आरोह असा: सा, रे, ग ला अंगठा, तर्जनी, मधले बोट. आता अंगठा मधल्या बोटाखालून म वर न्यायचा, पुढे प ला तर्जनी, ध ला मधले, नी ला अनामिका, तार षड्जाला करंगळी. काही जण करंगळी वापरत नाहीत. मग अनामिकेनंतर हात थोडा पुढे न्यावा लागतो. अवरोहात हेच उलट: प वरची तर्जनी सुटून अंगठा म वर आला की मधले बोट त्याच्यावरून ओलांडून ग वर.

काळी एकवरच्या भूपात सुरुवातच बदलते. सा काळी, म्हणून तिथे तर्जनी. रे काळी, मधले बोट. ग पांढरी चार, तिथे अंगठा खालून. मग प ला तर्जनी, ध ला मधले आणि तार सा ला अनामिका. एकदा हे गणित कळले की बारा पट्ट्यांत आपले आपण बसवता येते. वहीत प्रत्येक पट्टीसमोर बोटांचे आकडे लिहून ठेवावेत आणि एकदा ठरवलेले बोट बदलू नये. आज तर्जनी, उद्या मधले, असे केले की बोटांना पाठ काहीच होत नाही आणि दर वेळी डोळ्यांना खाली बघावे लागते. डोळे पट्ट्यांवर गेले की बुवांवरून उठले.

सराव सुरुवातीला इतका संथ करावा की चूक होण्याआधी दिसावी. चुकीची जागा दहा वेळा जोरात वाजवली तर चूकच पक्की होते. त्या जागेचे तीनच स्वर वेगळे काढून, निम्म्या लयीत, सलग पाच वेळा बिनचूक आले की मग पुढे जावे.

बुवांच्या मागे, कोरसच्या पुढे

आता खरी साथ. बसण्याची जागा अशी की बुवांचा चेहरा आणि हात दिसला पाहिजे. बहुधा पेटी गायकाच्या डाव्या बाजूला, तबला किंवा पखवाज उजव्या. गाणारा पुढची ओळ घेण्याआधी श्वास घेतो, मान किंचित वर जाते, हात उठतो. पेटीवाल्याला सूचना मिळते ती एवढीच.

ख्यालाच्या किंवा नाट्यगीताच्या साथीत पेटी गायकाच्या अंमळ मागे असते. आलापात त्याने म वरून ग वर उतरत जाऊन रे वर मुक्काम केला, तर प्रत्येक स्वराचा पाठलाग करायचा नाही. मुक्कामाचा रे धरायचा. तो पुढे कुठे जाणार याचा अंदाज आला तरी आपण आधी जाऊन बसायचे नाही. गायक ज्या स्वराची उत्कंठा वाढवत आणतो, तो पेटीने आधीच वाजवला तर गोष्टीचा शेवट शेजाऱ्याने फोडल्यासारखे होते. तानेत सगळे स्वर पकडण्याचा हट्ट नको. तानेची उठण आणि समेवर येण्याची शेवटची ओळ पकडली की मधले श्रोत्याचा कान भरून घेतो.

गायक श्वासासाठी थांबला की ती जागा पेटीची. पण ती पेटीची असते त्याने नुकत्याच गाइलेल्या गोष्टीसाठी. त्याच्या ओळीचे शेपूट हलकेच परत म्हणायचे आणि षड्जावर येऊन थांबायचे. तिथे नवी करामत काढली तर गायकाच्या डोक्यात जुळत असलेली पुढची ओळ मोडते.

भजनात याला दुसरी बाजू आहे. बुवा चरण म्हणतात, मग टाळांसह मागची दहा-पंधरा माणसे तो उचलतात. इतक्या गळ्यांना कोणी सूर दाखवला नाही तर तिसऱ्या वेळेला पट्टी घसरते किंवा चढते. म्हणून बुवा एकटे गात असताना मागे असणारी पेटी कोरस सुरू होताच पुढे येते: खुंटी उघडते, भाता भरतो, ओळीचा पहिला स्वर ठळक दिला जातो. चरण संपून बुवा पुन्हा आले की परत मागे. एका अभंगात ही ये-जा दहा-बारा वेळा होते. चांगला भजनी पेटीवाला नुसत्या कानाने ओळखता येतो तो या जागांवर.

बुवा चुकले तर? शब्द विसरले तर मुखडा वाजवून त्यांना वेळ द्यावा. सूर घसरला तर षड्ज हलकेच, पण स्वच्छ द्यावा; कानाला धरून ओढल्यासारखा नको. वर्ज्य स्वर लागला तर तो पेटीत उमटू देऊ नये आणि बरोबर स्वर मोठ्याने वाजवून चूक दाखवूनही देऊ नये. साथीदाराची सभ्यता म्हणतात ती हीच.

आणि आधीची तयारी. आपल्या भागात भजन साधारण नमन, रूपाचा अभंग, मग इतर अभंग, गौळण, गजर आणि भैरवी या वाटेने जाते. प्रत्येकाचा ठेका, चाल आणि गजराची वाढणारी लय आधी ठाऊक हवी. कला अकादमीच्या भजन स्पर्धेसारख्या ठिकाणी वेळ बांधलेली असते, तिथे एका रचनेतून दुसरीत जाताना पेटीने शोधाशोध केलेली चालत नाही. वहीत एका पानावर एक रचना लिहावी: कोणाची, कुठल्या बुवांची चाल, पट्टी, ठेका, मुखड्याचे स्वर. सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे गाणारे दोन बुवा दोन चालींनी गातात. वही नसेल तर एकाच्या बैठकीत दुसऱ्याची चाल हाताला येते.

लय

भजनी ठेका आठ मात्रांचा, तीनताल सोळा मात्रांचा. हे कागदावर सगळ्यांना येते. साथीत मोजत बसायला सवड नसते, म्हणून ताल अंगात मुरावा लागतो. त्याची जुनी आणि अजून न हरलेली युक्ती म्हणजे हाताने ताल देत स्वतः गाणे. पेटी बाजूला ठेवून टाळी-खाली देत मुखडा म्हणावा. गळ्यातून ताल सुटत नसेल तर बोटांतूनही सुटणार नाही.

दुसरा सराव लेहऱ्याचा. तबल्याच्या एकल वादनाला किंवा कथकला पेटीवर एकाच आवर्तनाची सुरावट अखंड वाजवावी लागते, तिला लेहरा म्हणतात. वाजवणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटते, पण तबलावाला कितीही आडवळणाने गेला तरी हलायचे नाही, ही कसोटी दुसऱ्या कुठल्याही सरावात नाही. ओळखीच्या तबलावाल्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास मागून घ्यावा आणि त्याला मुद्दाम तुकडे, तिहाया वाजवायला सांगाव्यात. गोव्याने लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर यांच्यासारखा माणूस पाहिला आहे; हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळ्या लयी धरण्याबद्दल त्यांची ख्याती होती. तिथवर पोचणे आपले काम नाही. समोरचा कुठेही जावो, आपली सम जागेवर असणे एवढे आपले काम आहे.

पेटीला जे येत नाही

साथीदाराला वाद्याची मर्यादा ठाऊक असणे हाही पाया आहे. पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. गळा तसे करत नाही. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर प्रत्येक पट्टीतले अंतर बरोबर १०० येते आणि पेटीचा शुद्ध गंधार ४०० व्या भागावर पडतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो मात्र ३८६ च्या जवळ, म्हणजे पेटीपेक्षा उतरलेला. कोमल गंधार पेटीवर ३००, तर तंबोऱ्याशी जुळणारा ३१६ च्या आसपास. पंचमात फरक जेमतेम दोन भागांचा. शिवाय मींड पेटीवर निघत नाही. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधला रस्ता नाही.

याच कारणांवरून पेटीवर टीका झाली आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले. टीकेत तथ्य होते. पण त्याच काळात तुळशीदास बोरकरांसारखे वादक पेटीतून गळ्याच्या जवळ जाणारे काम करत होते. गोव्यात बोरी गावी १९३४ मध्ये जन्मलेले बोरकर मधुकर पेडणेकर यांचे शिष्य. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. बेळगावात नाव कमावलेले पेटीवादक विठ्ठलराव कोरगावकर. पेडणेकर, कोरगावकर ही आडनावे ऐकली की पेडणे तालुक्यातला माणूस हसतो. आडनावांतली दोन्ही गावे त्याच्या पायाखालची. मर्यादा ओळखून तिच्याशी व्यवहार कसा करावा, हे या लोकांच्या ध्वनिमुद्रणांतून शिकण्यासारखे आहे.

तो व्यवहार असा. गायक दरबारीचा आंदोलित गंधार घेत असेल तेव्हा पेटीचा गंधार दाबून धरू नये. नुसता स्पर्श करून रिषभावर यावे, किंवा त्या स्वराला गप्प बसून षड्ज धरावा. मींडीच्या जागी आधीच्या स्वराचा कण देऊन पुढच्या स्वरावर जावे आणि त्याच क्षणी भाता किंचित सोडावा, म्हणजे सांधा बोचत नाही. शुद्ध गंधारावर मुक्काम असेल तर आवाज कमी करावा. पंचमावर आणि षड्जावर निर्धास्त वाजवावे. कुठे गप्प बसायचे हे कळले की निम्मी मर्यादा झाकली जाते.

रोजचा तास

एवढे सगळे रोज एका तासात बसते. पहिली दहा मिनिटे तंबोऱ्याबरोबर एक सूर, भात्यासाठी. फोनमधला तंबोरा चालतो. फक्त तो आपल्या पेटीशी जुळवून घ्यावा, कारण जुन्या पेट्या थोड्या चढ्या असतात. पुढची पंधरा मिनिटे अलंकार, रोज एका पट्टीत. आज पांढरी एक, उद्या काळी एक, असे बारा दिवसांत सप्तक पुरे होते आणि तेराव्या दिवशी पुन्हा पहिली. मग दहा मिनिटे लेहरा किंवा मुखडा, ताल लावून. पंधरा मिनिटे एखादे ध्वनिमुद्रण घेऊन त्याला साथ, आणि पहिली फेरी हात मांडीवर ठेवून, नुसती ऐकत. शेवटची दहा मिनिटे ओळखीची चाल अनोळखी पट्टीत, चुकत-माकत. आठवड्यातून एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच दिवशी ऐकले तर आपलाच हात आठवतो, आवाज ऐकू येत नाही.

पेटीची निगाही याच सवयीतली. पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, झाकणाखालचे चामडे कुजते. पेटी जमिनीवर नको, पाटावर किंवा कपाटात ठेवावी, खिडकीपासून दूर. आणि भजन असो-नसो, रोज दहा मिनिटे वाजवावी, म्हणजे आतली हवा हलती राहते. ओल्या हातांनी पट्ट्यांना शिवू नये. सूर बोलेनासा झाला तर बहुधा धुळीचा कण अडकलेला असतो. सुईने खरवडण्यापेक्षा कारागिराकडे द्यावी, कारण पितळेची जीभ जराशी घासली गेली तरी सूर बदलतो. वाजवून झाल्यावर सगळ्या खुंट्या आत, भात्याला कडी, मग खोके.

पेटी नसलेली शाळा

कानासाठी सगळ्यात चांगली शाळा गोव्यात फुकट मिळते, आणि तिथे पेटी नसते. चवथीच्या दिवसांत घरोघर घुमट आरत्या होतात: घुमट, शामेळ, कांसाळे आणि खणखणीत गळे. कोणीतरी आरती उचलतो, पट्टी ठरवून नाही, गळ्याला आली तिथे. एका घरात काळी दोन, पुढच्या घरात पांढरी चार, तिसऱ्या घरी मध्येच कोणीतरी चढवून घेतो. पेटीवाल्याने माटोळीखाली उभे राहून एवढेच करायचे: ओळ जिथे विसावते तो स्वर पकडायचा, तोच बहुधा षड्ज, आणि मनात पट्टीचे नाव घ्यायचे. घरी येऊन हळूच तो सूर लावून बघायचा. पहिल्या वर्षी दहातले तीन बरोबर येतात. चार-पाच चवथी झाल्या की पाय घराचा उंबरा ओलांडायच्या आतच नाव सुचते.

मग श्रावणात, गोकुळअष्टमीला नदीवर स्नानाची गर्दी उसळते तेव्हा, दिवाडीचे मूळ देऊळ पाडले गेल्यावर नार्वेला आलेल्या आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविलेल्या सप्तकोटेश्वराच्या गावी तुम्ही भजनाला जाता. अनोळखी बुवा न सांगता गायला सुरुवात करतात. पट्टी विचारायची संधी मिळालेली नसते. तुमचा उजवा हात खाली न बघता काळी दोनवर येऊन थांबतो, डावा भाता उचलतो, आणि तुम्ही बुवांकडे बघत असता.